जमीन विकण्याआधी सॉकेटचं बघा

आधी प्रश्न सांगतो. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय. त्याच्या २७ वर्षांच्या मोठ्या भावाचा उजवा हात आठ महिन्यांपूर्वी कडबा कुट्टीत गेला. कोपराखाली पाच इंच उरलाय. भावाने मोबाइलवर बोटं हलवणाऱ्या बायोनिक हाताचे व्हिडिओ बघितलेत आणि वडील त्यासाठी एकरभर जमीन विकायला निघालेत. या मुलाचं म्हणणं असं की, स्नायूंचा सिग्नल घेणारं मॉड्यूल, आर्डुइनो नावाचं प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड, बोटं ओढायला चार-पाच छोट्या सर्व्हो मोटरी आणि थ्रीडी प्रिंटिंग, एवढ्यात मीच पंधरा-वीस हजारांत हात बनवू शकतो. तर विकत घ्यावा की बनवावा? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "दादा आता पंगतीत बसत नाही."

माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको. जमीन तर अजिबात विकू नका. तुला बनवायची हौस आहे ना, जरूर बनव, फक्त हात बनवू नकोस. का, ते सांगायला जरा लांबण लागेल.

मी प्रॉस्थेटिस्ट. कृत्रिम हातापायांचं माप घ्यायचं, साचा करायचा, बसवून द्यायचं आणि मग वर्षानुवर्षं त्याच्या तक्रारी ऐकायच्या, हे काम लातुरात २२ वर्षं करतोय. आमच्याकडे हात गेलेली माणसं हंगामाप्रमाणे येतात. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी यंत्रं, उन्हाळा लागताना कडबा कुट्टी, मधल्या काळात जिनिंगवाले. वय बहुतेकांचं विशी-तिशीतलं. हात बहुतेकांचा उजवा, कारण पेंढी आत सारायला तोच पुढे जातो.

सुरुवात तुझ्या शेवटच्या ओळीपासून करतो. दादा पंगतीत बसत नाही, कारण डाव्या हाताने जेवावं लागतं आणि लोक बघतात. उजवा हात गेलेला जवळपास प्रत्येक जण मला हे सांगतो, कुणी पहिल्या भेटीत, कुणी चौथ्या. आता ऐक. कितीही लाखांचा हात घातला तरी त्याने भाकरी मोडून कालवणात बुडवून खाता येत नाही. त्या हातावर कातडीच्या रंगाचा ग्लव्ह असतो. तो पीव्हीसीचा असेल तर पहिल्याच वरणाला पिवळा होतो आणि तो डाग जन्मात निघत नाही. शिवाय भाकरी मऊ आहे की कडक, कालवण गरम आहे की गार, त्या बोटांना काही कळत नाही. म्हणजे ज्या दुःखापायी जमीन विकायची, ते दुःख त्या हाताने जाणारच नाही. माझा एक पेशंट चमचा धरून जेवतो, त्याचं बरं चाललंय. दुसऱ्याच्या घरी वेगळंच झालं. पहिल्या पंगतीला त्याची आजी त्याच्या शेजारी बसली आणि तीही डाव्या हाताने जेवली. नंतर कुणी काही बोललं नाही. असला इलाज माझ्या वर्कशॉपमध्ये तयार होत नाही.

म्हणून पहिलं काम कागदाचं. दादाला आठ दिवस एक वही दे. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत कुठे कुठे अडलं ते लिहायचं. पँटचं बटण, टूथपेस्टचं झाकण, धार काढणं, पेंढीचा आळा, खुरपं, बादली, मोबाइल. पुढे 'एकट्याने जमलं' की 'कुणाची मदत लागली' एवढंच. आठ महिन्यांत माणूस एका हाताने बरंच शिकतो, आणि शिकलं की दुसऱ्या, नकली हाताचं ओझं वाटायला लागतं. म्हणूनच आमच्या धंद्यात पहिल्या महिन्याभरात काहीतरी बसवून द्यावं असं म्हणतात. ती वेळ तुमची गेली, त्याला आता इलाज नाही. पण वहीत काय अडतंय ते दिसलं की कोणता हात द्यायचा हे आपोआप कळतं. हे न करता दिलेले हात कपाटात जाऊन बसतात. २००७ साली मागच्या २५ वर्षांच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता. त्यात प्रौढांपैकी जवळपास चारातल्या एकाने हात वापरणं सोडून दिलेलं होतं, आणि वायरने ओढायचा हात असो की बॅटरीचा, दोन्हींत फारसा फरक नव्हता. मोटर आहे की नाही यावर ते ठरत नाही, हे त्यातून मला कळलं.

मग कशावर ठरतं? सॉकेटवर. सॉकेट म्हणजे उरलेला हात, आम्ही त्याला स्टंप म्हणतो, तो ज्यात जातो ती खोबण. तू म्हणतोस की बायॉलॉजी, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र आणायचंय. ते बोटांत एकत्र येत नाही, या पाच इंचांत येतं.

माझ्या टेबलावर काय होतं ते सांगतो. पेशंट समोर बसतो, स्टंप माझ्या हातात. मी डोळ्यांनी कमी, अंगठ्याने जास्त बघतो. व्रण हाडाला चिकटलाय का, हाडाचं टोक टोचतंय का, तुटलेल्या नसेच्या टोकाला गाठ झालीय का. त्या गाठीवर बोट टेकलं की माणूस खुर्चीतून उडतो. अशा जागा जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने खुणावतो, म्हणजे प्लास्टर गुंडाळलं की खुणा साच्यात उतरतात. मग म्हणतो, "मूठ झाक." पेशंट विचारतो, "कोणती?" "जी नाही ती."

मागच्या साली बीड जिल्ह्यातला एक ऊसतोड घरातला पोरगा आला होता. त्याने डोळे मिटले आणि स्टंपच्या आतल्या अंगाला कातडीखाली गोटी सरकावी तशी हालचाल झाली. "झाकली?" "झाकली." "आता उघड." वरच्या अंगाला जरासं हललं आणि थांबलं. "साहेब, उघडंना. अंगठा आत अडकलाय." तो अंगठा जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

ही काही गंमत नाही, भासही नाही म्हणता येत. हात गेला तरी मेंदूतली हाताची जागा तशीच राहते, आणि शेवटची आठवण आवळलेल्या मुठीची असली तर ती मूठ वर्षभर आवळलेलीच राहते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय दाखवला. आरसा छातीसमोर उभा धरायचा, चांगल्या हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असा, आणि दोन्ही मुठी मिळून उघडायच्या. मी त्या पोराला सलूनवाल्याकडचा जुना आरसा आणायला लावला. रोज पंधरा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, अंगठा सुटला म्हणून. सगळ्यांना हे लागू पडत नाही, पण आरशाला खर्च किती येतो? दादाचा गेलेला हात ठणकत असेल किंवा आखडत असेल तर आजपासून सुरू करा.

आता तुझ्या विषयाकडे येतो. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, कोपराखाली असतात. बोटांत नुसत्या दोऱ्या येतात, कळसूत्री बाहुलीसारख्या. दादाची बाहुली तुटली, दोऱ्या तुटल्या, पण दोऱ्या ओढणारा अजून जागेवर आहे. तो ओढतो तेव्हा जी वीज तयार होते ती कातडीवर पकडायची, यालाच मायोइलेक्ट्रिक म्हणतात. कल्पना जुनी आहे. राइनहोल्ड राइटर यांनी जर्मनीत १९४० च्या दशकातच असा हात करून बघितला होता, व्हॅक्यूम ट्यूब वापरून. तो टेबलावरून उचलता येईल असा नव्हता एवढंच. ट्रान्झिस्टर आल्यावर रशियन लोकांनी तो अंगावर घालण्याजोगा केला.

कातडीवर मिळतं ते एखादा मिलिव्होल्ट, बरेचदा त्याहूनही कमी. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा, त्याचा हजारावा-दीड हजारावा भाग. तुझा आर्डुइनो युनो ५ व्होल्टचे १,०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची. दादाने जीव खाऊन मूठ आवळली तरी ती पहिल्या पायरीच्या खालीच. म्हणून आधी हजारेक पट वाढवावं लागतं. आणि वाढवलं की घरातल्या वायरिंगची घरघरही हजारपट होऊन येते, कारण स्नायूंच्या सिग्नलचा जोर ५० ते १५० हर्ट्झमध्ये आणि आपली लाइट ५० हर्ट्झची. शेजारी शेजारी दोन इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीला टेकणारी सिग्नल पकडायची टोकं, ठेवून त्यांच्यातला फरक तेवढा घ्यायचा आणि दोघांना सारखं ऐकू येतं ते टाकून द्यायचं, हे तू शिकलाच असशील. पण ते दोन्ही इलेक्ट्रोड स्नायूच्या धाग्याच्या दिशेतच बसावे लागतात. एक सेंटीमीटर सरकले की सिग्नल बदलतो, आणि सैल सॉकेटमध्ये ते दिवसाला दहा वेळा सरकतात.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. दादाच्या अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असताना लॅपटॉप चार्जरला नको. सगळं बॅटरीवर. गावाकडच्या घरांत अर्थिंग कसं असतं ते तुला मी सांगायला नको.

मग घाम. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४२-४३ ला जातो आणि सॉकेट म्हणजे बंद डबा. तुझ्या मॉड्यूलबरोबर ईसीजीसारखे जेलवाले चिकट इलेक्ट्रोड येतात, ते अर्ध्या तासात निघून हातात येतील, आणि रोज लावले तर कातडी लाल होईल. चांगल्या हातात धातूचे कोरडे इलेक्ट्रोड सॉकेटच्या भिंतीतच बसवलेले असतात. त्यांना थोडी ओल आवडते. थंडीत कातडी कोरडी असताना सकाळी हात ऐकत नाही, तेव्हा माझे पेशंट पाण्याचा हात स्टंपवर फिरवतात आणि मग घालतात. मात्र घामाचं पाणी साचलं की दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले जातात आणि सिग्नल बसतो. ओल हवी पण पाणी नको, हे कुठल्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं नसतं.

मोटरचं वेगळंच. मूठ झाकायला मोटर सुरू झाली की तिची खरखर त्याच बॅटरीतून तुझ्या सिग्नल वाढवणाऱ्या अँप्लिफायरमध्ये येते, सर्किटला वाटतं माणूस अजून आवळतोय, आणि हात स्वतःच्याच आवाजाला उत्तर देत बसतो. हे मी तुमच्यासारख्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये किती वेळा बघितलंय! दुसरं, मोठा सर्व्हो अडकला की दोन-अडीच अँपिअर ओढतो, व्होल्टेज खाली बसतं, आर्डुइनो रीसेट होतो आणि हातातला ग्लास सुटतो. मोटरची आणि सिग्नलची बॅटरी वेगळी ठेवली की अर्धं दुखणं जातं. सिग्नल गुळगुळीत करायला सरासरी घेशील तेव्हा मनात आणण्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ एक तृतीयांश सेकंदाच्या पुढे जाऊ देऊ नकोस. त्यापुढे तो हात माणसाला आपला वाटत नाही, शेजाऱ्याचा वाटतो.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांचीच काढतो असं व्हायला नको. जिनिंगमध्ये हात गेलेल्या एकाला मी मायोइलेक्ट्रिक सॉकेट करून दिलं. इलेक्ट्रोडच्या जागा शोधल्या त्या तो टेबलावर हात टेकून बसलेला असताना. वर्कशॉपमध्ये सगळं झकास चाललं. घरी जाऊन त्याने फडताळावरचा डाळीचा डबा काढायला हात वर केला आणि हात आपोआप उघडला. हात वर गेल्यावर कातडीखाली स्नायू सरकतो, इलेक्ट्रोड जागेवरच राहतो. डबा पायावर पडला. तेव्हापासून मी जागा तीनदा बघतो, हात खाली सोडून, समोर धरून आणि डोक्याच्या वर नेऊन. सॉकेट पुन्हा केलं, माझ्या खर्चाने.

आता वजनाचं गणित, कारण थ्रीडी प्रिंटिंगवाली मुलं नेमकं हेच करत नाहीत. माणसाचा पंजाही चारेकशे ग्रॅमचा असतो, पण तो हाडाला टांगलेला असतो. कृत्रिम हात कातडीला टांगलेला असतो. कोपर काटकोनात वाकवून हात समोर धर. अर्धा किलोचा कृत्रिम पंजा आणि त्यात दोन किलोची पिशवी, मिळून अडीच किलो, कोपरापासून साधारण २८ सेंटीमीटरवर. स्टंपची कामाची लांबी धर १० सेंटीमीटर. पहारीसारखं गणित आहे. स्टंपच्या टोकाला वरच्या बाजूने सात किलोचा दाब, आणि कोपराजवळ खालून साडेचार किलोचा. तोही हाडाच्या टोकावर ताणलेल्या पातळ कातडीवर. स्टंप आणखी दोन इंच लांब असता तर हाच सात किलोचा दाब पावणेपाचवर आला असता. म्हणूनच ऑपरेशनच्या वेळी सर्जनने वाचवलेला एकेक इंच आम्हाला सोन्यासारखा. आणि म्हणूनच पंजातले शंभर ग्रॅम कमी करणं हे बोटांच्या पकडीचा सहावा प्रकार वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

दाब झेलायला कोपराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांना सॉकेट घट्ट धरतं. जास्त वर नेलं तर हात निसटत नाही, पण कोपर पूर्ण वाकत नाही. कमी ठेवलं तर कोपर वाकतो आणि बादली उचलताना हात निघून येतो. दोन-तीन मिलिमीटरची कड घासायची की ठेवायची, यावर माझा अर्धा दिवस जातो. व्हिडिओत हा अर्धा दिवस कधी दिसत नाही.

पायाचं असं नसतं. चालणं ठरावीक आहे, पाऊल पुन्हा पुन्हा तसंच पडतं. म्हणून १९९७ साली संगणकाचा गुडघा आला, सी-लेग, त्याला स्नायूंकडून काही विचारावंच लागलं नाही. स्वतःवरचा भार आणि स्वतःचा कोन तो सेकंदाला निदान ५० वेळा मोजतो आणि तेवढ्यावर ठरवतो की आता अडवायचं की सोडायचं. इलेक्ट्रॉनिक्सचे पैसे गुडघ्यात जितके वसूल झाले तितके हातात अजून झालेले नाहीत, असं माझं मत आहे. काही जणांना ते पटत नाही. आणि ज्याला आपण जयपूर फूट म्हणतो त्यात तर एक वायर नाही. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर, लाकूड आणि स्पंज रबर यांतून तो पाय केला. डॉक्टरला घोटा कसा वळतो ते माहीत होतं आणि कारागिराला रबर कसं वागतं ते. मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, चिखलात अनवाणी चालता येतं. किल्लारीच्या भूकंपात पाय गेलेले एक काका अजून माझ्याकडे तसलाच पाय बदलायला येतात. त्यांना मी एकदा परदेशी पायाबद्दल सांगितलं तर म्हणाले, "त्यो घालून उसाला पाणी द्यायला येतंय का?" तिथेच विषय मिटला. उद्घाटनाच्या भाषणात वक्ते ऋग्वेदातल्या विश्पलेच्या लोखंडी पायावर येतात तेव्हा मला या काकांचीच आठवण होते.

हाताच्या बाबतीत तसलं भरवशाचं काय आहे? हूक. नाव काढलं की पोरं नाक मुरडतात. करवतीच्या गिरणीत स्वतःचा हात गेलेल्या डॉरन्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१२ साली त्याचं पेटंट घेतलं आणि शंभर वर्षांत त्यात फार बदल करावा लागला नाही. दोन आकडे, एक हलणारा. दुसऱ्या खांद्याला पट्टा, त्यातून तार. खांदा पुढे केला की तार ओढली जाते आणि हूक उघडतो. सोडलं की रबराने बंद होतो. एक रबर चढवलं की पकड अर्धा-पाऊण किलोने वाढते. तार म्हणजे अगदी मोटरसायकलच्या क्लचची, आत तार आणि बाहेर नळी. तुटली तर गावातला मेकॅनिकही तात्पुरती टाकून देतो.

त्यात एक गोष्ट अशी आहे जी महागड्या हातात नाही. क्लच कुठे धरतो हे गाडी चालवणाऱ्याला बघावं लागत नाही, बोटांना कळतं. तसं तारेच्या ताणावरून खांद्याला कळतं की हूक किती उघडलाय आणि कशावर अडलाय. मायोइलेक्ट्रिकवाल्याला बघावं लागतं. चहाचा कागदी कप धरायचा तर नजर कपावर, आणि नजर हटली की चहा शर्टावर. एका शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने बॅटरीचा हात घेतला होता. पहिल्याच सोयाबीनला बोटांच्या सांध्यात कुसं आणि धूळ गेली, ग्लव्ह फाटला, सुटा भाग यायला दोन महिने. आता त्यांच्या घरात दोन हात आहेत आणि दोघांना नावं आहेत, 'शेतातला' आणि 'लग्नातला'. शेतातला हूक रोज असतो. लग्नातला सुटकेसमध्ये, नॅप्थलीनच्या गोळ्यांबरोबर. मी हसत नाही त्यांना. चारचौघांत पाच बोटं दिसावीत ही गरज खरीच आहे. पण त्यासाठी न हलणारा, हलका, चांगल्या रंगाचा हातही चालतो, आणि जमीन विकावी लागत नाही. सगळ्या बोटांच्या महाग हाताच्या दहाव्या हिश्शात हूक आणि हा दिसायचा हात दोन्ही होतात.

शिकागोत टॉड कुइकेन यांनी तुटलेल्या नसा दुसऱ्या स्नायूंकडे वळवून सिग्नल मिळवले, स्वीडनमध्ये १९९० पासून हाडातच टायटॅनियमचा खिळा बसवून त्यावर पाय जोडतात, हे सगळं खरं आहे आणि भारी आहे. दादाच्या कामाचं नाही. त्याच्याकडे कोपर आहे, पाच इंच आहेत, दोन्ही स्नायू आहेत. त्याला त्या वाटेने जायची गरजच नाही.

मग तू काय बनवायचं? दोन गोष्टी.

पहिली, सिग्नल दाखवणारी पेटी. मोटर नको, बोटं नकोत. दोन चॅनल, एक झाकायच्या स्नायूवर, एक उघडायच्या. पुढे एलईडीच्या दोन पट्ट्या, किंवा मोबाइलवर एखादा साधा खेळ, झाकलं की चेंडू खाली, उघडलं की वर. दादाने रोज वीस मिनिटं खेळायचं. बॅटरीवर, चिकट इलेक्ट्रोड चालतील, वीस मिनिटं ते टिकतात. आठ महिने कामच न मिळालेले स्नायू सुकलेले असणार, ते यातून जागे होतील. आणि महत्त्वाचं म्हणजे झाकताना उघडणारा स्नायू शांत ठेवता येतो का, हे दोन महिन्यांत कळेल. ते जमत नसेल तर लाखांचा हातही त्याचं ऐकणार नाही. कंपन्यांकडे याच कामाची यंत्रं असतात, आमच्याकडे एक आहे, पण ते वर्कशॉपमध्ये. दादाच्या ओसरीत असणारं माझ्या तरी बघण्यात नाही. प्रोजेक्टला मार्क कमी पडले तर माझ्याकडून पत्र घेऊन जा.

दुसरी गोष्ट मेकॅनिकलच्या मित्राला बरोबर घेऊन कर. हूकच्या जागी मनगटाला आट्यांचा जोड असतो, बहुतेक अर्धा इंच जाडीचा, इंचाला वीस आटे असलेला. त्यात बसेल असा बोल्ट लेथवर कर आणि त्यावर वहीत निघेल ते लावायचं. खुरप्याची मूठ, बादलीचा आकडा, टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, धरायचा चिमटा, चमचा. एका पेशंटने गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून कुदळीच्या दांड्यासाठी कडं करून घेतलंय, ते मी इतरांना फोटो काढून दाखवतो. फक्त एक बघ: ओढ जास्त झाली की ते सुटलं पाहिजे. कुदळ झाडाच्या मुळीत अडकली आणि जोड सुटला नाही, तर खेच स्टंपवर येते.

पैशाचं थोडक्यात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा, हात मनगटाच्या वर गेलाय म्हणजे ४० टक्क्यांची अट सहज बसते. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची ॲडिप योजना त्यावरच मिळते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत एक हात गेला तर १ लाख रुपये आहेत, सातबारा वडिलांच्या नावावर असला तरी घरातल्या एकाला लागू होते. अर्ज केला होता का? नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जाऊन विचारा, उशीर झालाय म्हणून घरीच ठरवून टाकू नका. शिबिरात फुकट हात मिळत असेल तर घ्या, पण माप न घेता हातात ठेवला तर तो घरी न्यायचा की नाही ते तुम्हीच बघा.

माझ्याकडे माप द्यायला यायच्या आधी पंधरा दिवस हे करा. शिंप्याची टेप घेऊन स्टंपचा घेर सकाळी आणि संध्याकाळी मोजा, टोकापासून दोन इंचावर, रोज त्याच खुणेवर. फरक अर्ध्या सेंटीमीटरच्या आत राहिला तर साचा घेता येईल. जास्त असला तर क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं गुंडाळायचं, टोकाला घट्ट आणि वर सैल. उलटं केलं तर टोक सुजतं. स्टंपवर तेल, पावडर काही लावून येऊ नका. सैल बाहीचा शर्ट. वही आणा.

आणि ज्या कुट्टीत हात गेला ती अजून घरात चालू आहे का? असणारच, जनावरं काही थांबत नाहीत. तिच्या तोंडाला चारा सारायची लांब पन्हळ आणि वर झाकण बसवलंय की नाही, त्याचा एक फोटो काढून आण. पेंढी सारायला आता कुणाचा हात पुढे जातोय, तेही सांग.